नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरायचं असेल तर

मागच्या मे महिन्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, दोन मुली आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई, नामिबियात अकरा दिवस गाडीने फिरून आलो. आल्यापासून ओळखीतल्या तीन कुटुंबांनी बारीकसारीक विचारून घेतलं. चौथ्यांदा तेच सांगायची वेळ आली तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढावं.

वाळूच्या टेकड्यांचे फोटो सगळीकडे आहेत, त्यामुळे काय बघायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. आमचा घोळ झाला तो कागद, क्रेडिट कार्ड आणि खडीचे रस्ते या तीन ठिकाणी. म्हणून इथे भर त्यांच्यावरच आहे.

एक अंदाज आधी मनात पक्का करा. हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आहे आणि २०२३ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षाही कमी. तासभर गाडी चालवावी आणि समोरून एकही वाहन येऊ नये, असं तिथे रोज होतं. ऐकायला छान वाटतं. टायर फुटल्यावर तितकंसं वाटत नाही.

१. आधी महिना ठरवा

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे. मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. झुडपं वाळतात, पाणी आटतं आणि प्राणी पाणवठ्यांवर येतात. आपल्या शाळांची मेची सुट्टी या काळाच्या तोंडावर येते, म्हणून मुलं असतील तर मे उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर इटोशा या उत्तरेतल्या राष्ट्रीय उद्यानात ऑक्टोबर-नोव्हेंबरचं ऊन फार कडक असतं, हे धरून चला. डिसेंबर-जानेवारीत तिथल्याच लोकांची सुट्टी असते आणि किनाऱ्यावरची गावं भरून जातात.

मे ते ऑगस्ट रात्री थंडी पडते. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ असं समजून आम्ही एकेकच स्वेटर नेला होता. पहाटे वाळवंटात सासूबाई शालीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. जाड जॅकेट आणि कानटोपी न्याच.

२. कागद

भारतीय पासपोर्टला नामिबियाचा व्हिसा लागतो. पर्यटकांना तो तिथे पोचल्यावर मिळण्याची सोय आहे आणि आधी ऑनलाइन अर्जही करता येतो. पण एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी व्हिसाच्या नियमांत बरेच बदल केले, त्यामुळे त्याआधीच्या प्रवाशांचे अनुभव वाचून निर्धास्त राहू नका. तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या नामिबियाच्या उच्चायुक्तालयाकडून फी आणि अटींची खात्री करा. ऑनलाइन अर्ज करताना साइट त्यांच्या सरकारचीच आहे ना, हे दोनदा बघा. सरकारी दिसणाऱ्या आणि वर ‘सेवाशुल्क’ उकळणाऱ्या खाजगी साइट खूप आहेत.

सोबत हे ठेवा, छापील प्रतींसह:

– पासपोर्ट: परतीनंतर किमान सहा महिने वैध आणि निदान तीन कोरी पानं
– परतीचं तिकीट, सगळ्या मुक्कामांची बुकिंग, प्रवास विमा
– मूळ ड्रायव्हिंग लायसन्स (मोबाइलमधलं चालत नाही) आणि आंतरराष्ट्रीय परवाना
– मुलांचे जन्मदाखले. आपल्याकडचे दाखले मराठी-इंग्रजी असतात, ते चालतात. आई किंवा वडील एकटेच नेत असतील तर दुसऱ्याचं संमतिपत्रही.
– गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड (याबद्दल पुढे)

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतच मिळतो. ‘सारथी’ पोर्टलवर अर्ज, एक हजार रुपये फी, मुदत एक वर्ष. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट असे कागद मागतात. व्हिसा पोचल्यावर मिळणार असेल तर आरटीओच्या खिडकीवर ‘व्हिसा कुठाय?’ हा प्रश्न येतो. त्या सोयीची माहिती छापून न्या. आम्हाला दोन खेपा पडल्या. दोघांनी गाडी चालवायची असेल तर परवाने दोन काढा, एकट्याने अकरा दिवस चालवणं ही शिक्षा आहे.

विमानतळावर शिक्का मिळाला की काउंटरवरून हलू नका. मुक्कामाचे दिवस अधिकारी बरेचदा हाताने लिहितो. तारीख तुमच्या परतीच्या पुढची आहे का ते तिथेच वाचा. नंतर सापडलेली चूक तुमचीच धरली जाते.

३. विमान आणि पिवळ्या तापाची लस

मुंबईहून विंडहुकला, म्हणजे नामिबियाच्या राजधानीला, थेट विमान नाही. आदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे जावं लागतं. दोन्ही वाटांवर एकेक खड्डा आहे.

आदिस अबाबा इथियोपियात, आणि इथियोपिया पिवळ्या तापाच्या यादीत. विमानतळाबाहेर पाऊल न टाकता विमान बदललंत तर लसीच्या दाखल्यातून सूट मिळू शकते, पण भारतात परतताना ती देणं न देणं आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात असतं आणि नाही दिली तर विलगीकरणात बसावं लागतं. आम्ही सरळ सरकारमान्य केंद्रात लस घेऊन त्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टला लावलं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं. सासूबाईंना त्यांच्या डॉक्टरांनी लस देण्याऐवजी वैद्यकीय सूट-प्रमाणपत्र दिलं.

जोहान्सबर्गमार्गे स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढू नका. सामान एकाच तिकिटावर विंडहुकपर्यंत गेलं तर तुम्ही ट्रान्झिटमध्येच राहता. वेगळ्या तिकिटांवर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायचं तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा हवा.

इटोशा आणि त्याच्या उत्तरेला मलेरिया असतो, विशेषतः पावसाळ्यात आणि तो संपता संपता. गोळ्यांचं डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा.

४. गाडी ठरवणं, आणि आमची अडीच तासांची कथा

विंडहुक, किनारा आणि इटोशा एवढंच करायचं तर साधी पण उंच गाडी पुरते. सॉसुसव्लेई (त्या वाळूच्या टेकड्यांची जागा) आणि आडवाटा करायच्या तर डबल कॅबची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्या. टपावर तंबू असलेल्या गाड्या तिथे फार लोकप्रिय आहेत. सासूबाईंना रात्री शिडी उतरायला लावायची नव्हती म्हणून आम्ही खोल्यांत राहिलो. स्टेपन्या दोन मागा. ‘एक पुरते’ असं सांगणारा माणूस शहराबाहेर गेलेला नसतो.

आता क्रेडिट कार्ड. अनामत रक्कम ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याच्याच क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. आमचं बुकिंग नवऱ्याच्या नावावर आणि चालू कार्ड माझ्या. नवऱ्याच्या कार्डावर परदेशातले व्यवहार बंदच होते. आपल्याकडे नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात, अ‍ॅपमध्ये जाऊन आपणच सुरू करायचे असतात. सुरू करायला ओटीपी हवा, ओटीपी भारतीय सिमवर येणार, आणि सिमला रोमिंग नाही. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, ‘थांबा तुम्ही, मला घाई नाही.’ आम्हाला होती. विमानतळाचं वायफाय, बँकेचा कॉल सेंटर, व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्यातला दीर... असं करत अडीच तास गेले.

निघण्याआधी म्हणून तीन गोष्टी करा. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करा, मर्यादा वाढवा, आणि भारतीय सिमवर निदान एसएमएसपुरतं रोमिंग घ्या.

५. विमा वाचा, कंटाळा आला तरी

‘फुल इन्शुरन्स’ हा शब्द ऐकून सही करू नका. विचारायचं ते एवढंच: टायर आणि काच यात धरलीय का? गाडीचा खालचा भाग? वाळू आणि पाण्याने झालेलं नुकसान? (हे शेवटचं सहसा धरलेलं नसतं.) दुसरं वाहन नसताना गाडी उलटली तर? आणि अंधार पडल्यावर चालवली तर विमा राहतो का?

गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, काचेचा आणि प्रत्येक टायरचा व्हिडिओ काढा. जॅक आणि पाना बाहेर काढून बघा, स्टेपनी कशी उतरवायची ते त्यांच्याकडून एकदा करवून घ्या. सगळं घाईत असतं, तरीही करवून घ्या.

६. खडीचा रस्ता

मुख्य भाग हाच.

तिथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात, त्यामुळे पहिल्या तासात मन निवांत होतं. बी क्रमांकाचे रस्ते डांबरी आणि सुरेख. सी क्रमांकाचे बरेचसे, आणि डी क्रमांकाचे जवळपास सगळेच, खडीचे. खडीचा म्हणजे आपल्या गावाकडचा खड्ड्यांचा रस्ता नव्हे. रुंद, सरळ, दिसायला गुळगुळीत. फसवणूक तिथेच आहे. गाडी सहज शंभरवर जाते, आणि चाकांखाली सुटे खडे असल्यामुळे शंभरवर तिचा ताबा तुमच्याकडे नसतो. नामिबियात पर्यटकांच्या गाड्या उलटतात त्या बहुतेक अशाच, समोर कोणी नसताना. खडीवर ऐंशीच्या वर जाऊ नका. गाडीत बहुधा वेग नोंदणारं यंत्र असतं आणि ऐंशी ओलांडल्यावर अपघात झाला तर विमा हात वर करतो.

गाडी मागून घसरल्यासारखी वाटली तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा आणि ती आपोआप सरळ होऊ द्या. मुंबई-पुण्याच्या सवयीने पाय आधी ब्रेककडेच जातो, म्हणून पहिल्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर हे मुद्दाम सांभाळून करून पाहा.

समोरून गाडी आली तर वेग कमी करा आणि डावीकडे सरका, दिवे दिवसाही लावा. तिच्या मागची धूळ खाली बसेपर्यंत काही दिसत नाही आणि उडालेला खडा काच फोडतो. काही रस्त्यांवर आडव्या लाटा पडलेल्या असतात, पन्हाळी पत्र्यावरून गाडी नेल्यासारखं वाटतं. तिथे दात वाजतात आणि नटबोल्ट सैल होतात. संध्याकाळी एकदा गाडीखाली वाकून बघायची सवय ठेवा.

टायरमधली हवा खडीवर डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवतात. किती, ते तुमच्या गाडीच्या वजनावर आहे. गाडी देणाऱ्यांकडून डांबर, खडी आणि वाळू असे तीन आकडे लिहून घ्या. हवा मोजायचं मीटर आणि छोटा कंप्रेसर गाडीत हवाच.

आमचा टायर सॉलिटेअर ही छोटी वस्ती सोडून किनाऱ्यावरच्या वॉल्व्हिस बेकडे जाताना सी १४ वर गेला. टोकदार दगडाने बाजूच कापली. जॅक लावला तर तो वर जायच्या ऐवजी खडीत खाली जाऊ लागला. शेवटी स्वयंपाकाच्या पेटीतली भाजी चिरायची फळी खाली घातली, तेव्हा गाडी उचलली गेली. पन्नास मिनिटं लागली. तेवढ्यात दोनच गाड्या आल्या आणि दोन्ही थांबल्या. एकाने काही न बोलता पाना हातात घेतला. तिथला रिवाजच तो आहे: थांबलेल्या गाडीपाशी थांबायचं. तुम्हीही थांबा. आणि एक जाड फळी गाडीत टाका. फाटका टायर पुढच्या गावात त्याच दिवशी बदला, दुसऱ्या स्टेपनीच्या भरवशावर तीनशे किलोमीटर जाऊ नका.

रात्री गाडी चालवायची नाही. कुडू हे मोठं हरीण आणि रानडुकरं अंधार पडता पडता रस्त्यावर येतात. मे-जूनमध्ये विंडहुकला सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेचारला मुक्कामी पोचेन अशा हिशोबाने निघा. नकाशातल्या वेळेत खडीच्या रस्त्यासाठी दीडपट घाला. विंडहुक ते सेसरीम (सॉसुसव्लेईचं प्रवेशद्वार) साधारण सव्वातीनशे किलोमीटर, पण थांबत-खात आमचे सहा तास गेले.

दिसेल त्या पंपावर टाकी भरा, अर्धी असली तरी. पंपावरची मुलं काच पुसतात, हवा बघतात, त्यांना पाच-दहा डॉलर देतात. (डॉलर म्हणजे नामिबियन.) प्रत्येकी रोज पाच लिटर पाणी गाडीत हवं. कुंपणाचं फाटक बंद असेल तर उघडून, गाडी काढून पुन्हा बंद करायचं, उघडं असेल तर उघडंच ठेवायचं. आमच्याकडे हे काम मुलींना वाटून दिलं होतं आणि त्यावरून भांडणं झाली.

७. पैसे, सिम, प्लग

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक. रँड तिथे सगळीकडे चालतो, उलट मात्र नाही. त्यामुळे आपल्याकडून थोडे रँड नेणं सोयीचं. शहरांत कार्ड चालतं, आडगावी रोख ठेवा. नामिबियाच्या मध्यवर्ती बँकेने २०२४ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या आपल्या एनपीसीआयशी तशीच यंत्रणा उभारण्याचा करार केला आहे. बातमी वाचून फोन पुढे करू नका, ती यंत्रणा त्यांची त्यांच्यासाठी आहे.

सिम एमटीसी या तिथल्या मोबाइल कंपनीचं घ्या, विमानतळावरच मिळतं, पासपोर्ट लागतो. गाव सुटलं की रेंजही सुटते, म्हणून नकाशे आधी डाउनलोड करा आणि एक कागदी नकाशाही ठेवा. पोलिसांचा आणीबाणीचा नंबर १०१११.

प्लगचं एक गुपित: तिथली भिंतीतली सॉकेटं बहुतेक आपल्या गीझरच्या, जाड तीन पिनांच्या प्लगची. अ‍ॅडॉप्टर शोधत बसू नका. जाड प्लगचं एक एक्स्टेन्शन बोर्ड घरून न्या, पाचही जणांचे फोन एकाच जागी लागतात.

८. खाणं

हा मांसाहारी देश आहे. शाकाहारी माणसाला हॉटेलात चिप्स, सॅलड आणि चीज टोस्ट हाच आधार असतो. स्वयंपाकाची सोय असलेल्या खोल्या घ्या, विंडहुकच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, भाज्या, दही भरून घ्या. घरून भाजणी, मेतकूट, गोडा मसाला न्या, पण सीलबंद पाकिटात, आणि विचारलं तर दाखवा.

उत्तरेकडच्या लोकांचं मुख्य धान्य महांगू, म्हणजे आपली बाजरी. तिची भाकरी करत नाहीत, घट्ट पिठलं आटवावं तसं शिजवतात. सासूबाईंनी सुपरमार्केटमध्ये पीठ चिमटीत घेऊन वास घेतला आणि दोन किलो उचललं. अकरा दिवस आमच्या ताटात भाकरी होती.

विंडहुकचं नळाचं पाणी पिता येतं. त्यातलं काही सांडपाणी शुद्ध करून परत आणलेलं असतं, १९६८ पासून. हे मी नवऱ्याला पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं.

९. सॉसुसव्लेई आणि इटोशा: एवढं चुकवू नका

सेसरीमचं फाटक सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. फाटकाच्या आत मुक्काम असेल तर तासभर आधी निघता येतं, आणि पहाटेच्या वाळूसाठी तोच एक तास महत्त्वाचा. आतल्या जागा नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्स या सरकारी कंपनीकडे असतात, सहा-आठ महिने आधी धरा. फाटकापासून साठ किलोमीटर डांबरी रस्ता आहे, शेवटचे पाच मऊ वाळूचे. फोर बाय फोर असली तरी वाळूत कधी चालवली नसेल तर गाडी तिथेच लावा आणि शटल घ्या. आम्ही बघत असतानाच तीन गाड्या रुतल्या. डेडव्लेईला, म्हणजे वाळलेल्या झाडांच्या त्या कोरड्या तळ्याला, तिथून किलोमीटरभर वाळूत चालायचं. सासूबाई हळूहळू चालत पोचल्या. टेकडीवर चढायला त्यांनी साफ नकार दिला आणि एका वाळलेल्या झाडाच्या सावलीत बसून राहिल्या. ती झाडं काही शतकांपूर्वी मेलेली आहेत, त्यांना हात लावू नका, टेकू नका.

इटोशात वेगमर्यादा साठ, आणि मुक्कामाच्या कॅम्पखेरीज गाडीतून उतरायचं नाही. दिवसभर फिरण्यापेक्षा एका पाणवठ्यावर इंजिन बंद करून दोन तास बसा. ओकाउकुएयो या कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात, कुंपणामागे बाकांवर बसून काळे गेंडे बघता येतात. निदान दोन रात्री तिथे काढा. रानम्हैस आणि पाणघोडा मात्र शोधू नका, ते इटोशात नाहीत. हलाली या दुसऱ्या कॅम्पला रात्री खाण्याचं काही बाहेर ठेवू नका. हनी बॅजर हा छोटा दांडगा प्राणी कचऱ्याचे डबे उलटे करतो. आमच्या थालीपीठाचा डबा त्याने झाकणासकट नेला.

उत्तरेतून दक्षिणेकडे येताना जनावरांच्या रोगांसाठी तपासणी असते, कच्चं मांस नेऊ देत नाहीत. ‘मीट?’ असं पोलिसाने विचारल्यावर सासूबाईंनी मराठीत सांगितलं, ‘अहो, आमच्यात अंडंसुद्धा नाही.’ त्याने हसून जाऊ दिलं.

१०. चोरी

जंगलात भीती नाही, शहरात आहे. गाडीत काही दिसेल असं ठेवू नका, जॅकेटसुद्धा. रिमोटने गाडी लॉक केली की हाताने दार ओढून बघा. सिग्नल अडवणारं यंत्र घेऊन जवळपास कोणी उभं असलं तर आवाज येतो पण लॉक लागत नाही. ‘तुमचं चाक बसलंय’ म्हणून कोणी थांबवू लागलं तर पुढच्या पंपापर्यंत जाऊन मगच उतरा. पार्किंगमध्ये पिवळ्या जाकिटातला रखवालदार असतो, त्याला परतताना थोडे पैसे द्यायचे.

११. गाडी परत करताना

विमानतळ विंडहुक शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे. टाकी शहरातच भरून पावती जपून ठेवा. गाडी धुवून नेली तर उत्तम. धुळीखाली ओरखडे दिसत नाहीत आणि मग तपासणी ‘नंतर’ होते. तपासणी तुमच्यासमोरच करून घ्या, सुरुवातीचा व्हिडिओ उघडून ठेवा आणि सहीचा कागद घ्या. अनामत सुटायला आम्हाला दोन आठवडे लागले, तोवर कार्डाची मर्यादा अडकलेलीच होती.

नामिबियन नोटा तिथेच संपवा, बाहेर कोणी बदलून देत नाही. सुट्टे मागताना रँड मागितले तर मिळतात. आमच्याकडे शेवटी एकशेचाळीस डॉलर उरले होते. विमानतळावर त्याचं बाजरीचं पीठ मिळत नाही, विचारून झालंय.